रक्त परत सुरू होतं तेव्हा

माझ्या बायकोच्या, सुमनच्या हृदयाची बंद पडलेली नळी उघडली, असं सांगून डॉक्टर हसत निघून गेले. मी आत गेलो. पडल्या पडल्या ती म्हणाली, "अहो, इतक्यात पेढे वाटू नका. रक्त बंद असतं तोवर काळीज कसंबसं तग धरतं... परत सुरू झालं की तेव्हाच बिघडतं. मी पाहिलंय." मी खेकसलो, "उंदरांचं शहाणपण इथं नको." दिवस मावळायच्या आत ती गेली. तिच्याशी शेवटचं बोललो ते हे. थू माझ्या तोंडावर.

सव्वा महिना झाला. लोक येतात, "फार सोशिक बाई होती" म्हणतात. कसली सोशिक? जिभेला धार होती तिच्या. इथल्याच एका औषधांच्या कॉलेजात ती उंदीर सांभाळायची. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणापाणी. मी ओझरच्या कारखान्यात हेल्पर, वंगणाने बरबटलेला यायचो नि तसाच ताटावर बसायचो. तिने मात्र मागच्या मोरीत डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, हा माझा हुकूम. मसणातून आल्यासारखं. नाशकाच्या थंडीतसुद्धा. तिच्या बोटांचीच मला किळस यायची. भाकरीलाही तो पिंजऱ्याचा, मुताचा वास येतो असं वाटायचं.

एकदा जेवताना तिनं सांगितलं, उंदराचं काळीज काढून काचेच्या नळीला टांगतात. कोमट खारं पाणी सोडलं की ते एकटंच उडत राहतं. मग अर्धा तास पाणी बंद. परत सोडताना कधी त्यात नवं औषध घालायचं, कधी नुसतंच सोडायचं, आणि बघायचं काळीज किती सावरतं ते. मी ताट सरकवलं. "मारतात म्हण ना सरळ!"

"मारतात नाही म्हणायचं तिथं. सॅक्रिफाइस केला म्हणायचं. बोकडाचा बळी दिला तर मटण तरी वाटतात!" आणि हसली. मग माझ्या बीपीच्या गोळ्यांकडे बोट केलं. "ह्या गिळता ना रोज? आधी त्या उंदरांनी गिळल्यात. त्यांचं उष्टं चालतं तुम्हाला, माझा हात नाही चालत."

मी गोळी गिळली. तरी हुकूम मागे घेतला नाही. असला मी.

तिला जाळून परत आलो तर मेव्हणा मोरीपाशी बादली भरून उभा. "दाजी, आधी आंघोळ. असंच आत जायचं नाही."

"का? कुणाला शिवून आलोय मी?"

"अहो, रीत आहे..."

किळस आली, त्याची नाही, माझी. त्याला ढकलून तसाच स्वयंपाकघरात गेलो. छातीत कळ यायच्या आधी, आदल्या सकाळी तिनं थापलेली भाकरी टोपलीत होती. मागून बायका ओरडल्या, टाकून द्या ती, सुतकाची आहे. राखेच्या हाताने मोडली नि खाल्ली. वातड झाली होती. वास नुसता बाजरीचा होता.