आबांच्या विहिरीतला मोरचूद

नव्वदच्या दशकात मी भवानीनगरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो आणि टाळ्यांसाठी काहीही करायचो. ही गोष्ट मी मोठ्या ऐटीत सांगायला घेतो; शेवटाला येईतो दर वेळी मान खाली जाते.

शाळेमागे राहणाऱ्या आबांनी नवी विहीर पाडली होती. तिच्या ढिगातला एक दगड मी आणला. काळ्या खडकाच्या पोकळीत पांढरे स्फटिक होते. देखणे होते, पण आमच्याकडे विहीर पाडली की असे दगड निघतातच. त्यांना टाळी कोण देणार? मग बारामतीच्या शेती-औषधांच्या दुकानातून मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणला, गरम पाण्यात भरपूर विरघळवला आणि त्यात दगड बुडवून ठेवला. आठवड्यात पोकळीत गर्द निळे खडे धरले.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी हात नाचवत सांगितलं, "हे चॅल्कँथाइट. तांब्याच्या खनिजाला हवा-पाणी लागून तयार होतं. पाण्यात विरघळतं, म्हणून पाऊस पडतो तिथं टिकतच नाही. कोरड्या वाळवंटात, नाहीतर जुन्या खाणींच्या भिंतींवर क्वचित सापडतं. आणि आता आपल्या आबांच्या विहिरीत."

टाळ्या पडल्या. पाण्यात विरघळणारा खडा विहिरीत टिकला कसा, हे कुणीच विचारलं नाही. आबा तेवढे पुढे आले.

"म्हंजे मोरचूदच की ह्यो?"

"निसर्गातला मोरचूद, आबा."

"आन् पाण्यात इरघळतो म्हणता?"

"अगदी सहज."

आबा टोपी सारखी करून तडक विहिरीकडे निघाले. अभिमानानं ती पुन्हा बघायला निघाले असतील, असं मी धरून चाललो.

आठ दिवसांनी भर दुपारी ते रस्त्यात भेटले. पुढे मेंढरं, जिभा बाहेर.

"कुठं निघालात एवढ्या उन्हात?"

"कालव्यावर, पाणी पाजाया. हिरीची मोटार बंद ठिवली."

"का?"

"मास्तर, खुरं सडली की मोरचुदाच्या पाण्यात बुडवतो आमी. त्येच पाणी प्यालं की मेंढरू जातं. माजी दोन गेल्यात तशी. तुमीच म्हणला, इरघळतं." मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "पाडव्याला हीर बुजवतोय."

सगळ्या प्रदर्शनात माझं बोलणं शेवटपर्यंत नेणारा हा एकच माणूस होता.

मी तिथंच सगळं सांगितलं. दुकान, गरम पाणी, दगड. एरवी माझं बोलणं कधी इतकं लहान झालं नव्हतं. आबांनी ऐकून घेतलं.

"आता खरं बोलताय कशावरनं?"



ते मला विहिरीवर घेऊन गेले, तांब्या भरून पुढे केला. "प्या." मी प्यालो. "आनि येक." तोही प्यालो.

"सकाळी या. धड दिसलात तर मेंढरं पाजतो."

मेंढरं पुन्हा कालव्याकडे गेली, त्या उन्हात. ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

सकाळी उजाडताच जाऊन उभा राहिलो. आबांनी आजारी मेंढराची बघतात तशी माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली, मग दुसरी. तोंड उघडायला लावलं. मेंढरं बाजूला उभी राहून बघत होती.

"न्हाय, ठीक हाय ह्यो," आबा त्यांनाच म्हणाले, आणि मोटार सुरू करायला गेले.