शेंदूर फासलेला कडुलिंब

शेंदराचा वास आला की रिसोडमधली ती धुरकट सकाळ डोळ्यांपुढे तरंगते. रस्ता रुंद होताना दारचा कडुलिंब जाणार होता, आणि मी अतिशहाणी सून! खोडाशी गोटा मांडून शेंदूर फासला. देवाला कोण हात लावेल? तोडणाऱ्यांनी चपला काढल्या, नारळ फोडला, मलाही प्रसाद दिला आणि करवत चालवली. पिवळी पानं स्वप्नात पडावीत तशी कितीतरी वेळ गळत राहिली. पुढे रस्त्याकडेला जाळीत नवं रोप लावून तोडणाऱ्यांच्या मुकादमानं गोटा त्याच्या बुडाशी ठेवला. “माय, देव तुनं बसवला, आता पानी तुलेच टाकाव लागन.” सासूबाई म्हणाल्या, “अन् चुकली तं कोपन हो!” घाबरून रोज पाणी घातलं. हल्ली त्याच्या सावलीत बाया नवस बोलतात, आणि मी गंभीर चेहऱ्यानं पेढा घेते.