डासिणीचे डोहाळे

वर्तकनगरला असताना मला तिसरा महिना होता. काही पोटात टिकत नव्हतं. मलेरिया खात्याचा माणूस दर आठवड्याला पाण्याचं पिंप तपासायला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पिंपात डोकं घालूनच तो बोलायचा, त्यामुळे आवाज घुमायचा.

एकदा त्याच्यासमोरच मला उलटी झाली. तो पिंपातूनच म्हणाला, “ताई, नर डास फुलांचा रस पितो. रक्त फक्त मादी पिते, कारण त्यातल्या प्रथिनांशिवाय तिची अंडी तयार होत नाहीत. पोरांसाठी चापट्या चुकवत जेवते बिचारी! तुम्हाला वरण प्यायला कोण मारतंय?”

हसता हसता मी वाटीभर वरण प्यायले. दोघंही श्वास रोखून थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

“राहिलं!” असं ओरडत तो चाळभर सांगत सुटला.