खाडीवर बसायला

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. वाशीच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक हेडक्लार्क राहत. दर दोन वाक्यांनंतर ते "नोंद घ्या" म्हणत. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धा तास मोकळ्या हवेत, डोक्यात काही न आणता शांत बसायला सांगितलं. नाहीतर जन्मभर गोळ्या. म्हणून ते पहाटे प्यायच्या पाण्याचा तांब्या घेऊन निघत आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत, "खाडीवर बसायला चाललोय, नोंद घ्या."

लोक नको तितकी नोंद घेत.

एका रविवारी मीही बरोबर गेलो. बांधावर ते डोळे मिटून बसले, तोच गावातला एक म्हातारा जाळं घेऊन आला. तांब्याकडे बघत म्हणाला, "सायेब, तुमचे फ्लॅटान संडास नाय काय? आमी इथं मावरा धरतो."

हेडक्लार्क उठले नाहीत. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

म्हातारा दचकला. "मंग इथं करता काय?"

"काही नाही. नुसता बसतो."

"रोज?"

"रोज. नोंद घ्या."

म्हाताऱ्याने मला बाजूला घेतलं. "यांचे घरान सगलं बरं हाय ना? खाडी खोल हाय."

मी रक्तदाबाचं सांगितलं, पण त्याला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो जाळं बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी बसू लागला.

हेडक्लार्क वैतागले. "अहो, माझं मन शांत होणार कसं? डोळे किलकिले करून बघावं, तर तो पापणी न हलवता माझ्याकडेच बघत असतो."