रिटायरमेंटच्या तोंडावर

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं कमी पडतात, सुया कमी पडतात, उन्हाळ्यात पाणीही कमी पडतं. किस्से मात्र कधीच कमी पडले नाहीत. ते कोणी मुद्दाम जमवत नाही. ओपीडी संपते, चहा येतो, कोणीतरी म्हणतं, "काल काय झालं, ऐकलं का?" की लागलीच एकावर एक रचले जातात.

फरक एवढाच, की तरुण होतो तेव्हा हे किस्से पेशंटचे असायचे. यंदा थंडी उतरल्यापासूनचे सगळे किस्से आमचेच आहेत! आता सांगताना हसू येतं. घडत होते तेव्हा तोंड कुठं लपवावं, कळत नव्हतं.

आम्ही म्हणजे चौघं. मी सिस्टर, औषधं देणारे कदम, लॅबमधले पठाणभाई आणि अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर राठोडभाऊ. वर डॉक्टर मॅडम, त्या माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. चौघांचंही रिटायरमेंट वर्ष-दीड वर्षात. इतकी वर्षं चौघांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "रिटायर झाल्यावर करू." यंदा पळस फुलला आणि काय झालं कोणास ठाऊक, प्रत्येकाला वाटलं, आधीच करून टाकावं.

* * *

सुरुवात मीच केली. स्कूटी शिकायची ठरवली!

नवरा म्हणाला, "या वयात?" लेक फोनवर म्हणाली, "आई, हेल्मेट घाल." दोघांनाही विश्वास नव्हता, फक्त पद्धत वेगळी. मग मी ठरवलं, कोणाच्या नजरेला पडायचंच नाही. सकाळी उजाडता उजाडता गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात जायचं.

पाचव्या-सहाव्या दिवशी हात बसला असं वाटलं. ब्रेक दाबायच्या ऐवजी अॅक्सिलरेटरच पिळला. गाडी सुसाट निघाली ती थेट मैदानाच्या टोकाला वाळत घातलेल्या हळदीत! नुकतीच शिजवून पसरलेली हळद. गाडी एकीकडं, मी एकीकडं, आणि माझ्या पांढऱ्या साडीचा रंग विचारू नका.

राखणीला बसलेली बाई ओरडत पळत आली. तिचा नवरा काठी घेऊन मागं. बाईनं मला उठवलं, तोंडाकडं पाहिलं आणि जागीच थांबली.

"आवं, ह्या तर आपल्या सिस्टर!" मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "काठी ठिवा खाली. माझी दोन्ही बाळंतपणं यांनीच केली."

मी मान वर करत नव्हते. ती साडी झटकत म्हणाली, "सिस्टर, तवा तुमी मला म्हणत व्हत्या, घाबरू नको, जोर लाव. आता मी सांगते. घाबरू नका, पर जोर कमी लावा!"

* * *

कदमांचं वेगळंच. त्यांचं रिटायरमेंट सगळ्यांच्या आधी, म्हणून स्टाफचा ग्रुप फोटो काढायचं ठरलं. कदमांचे केस पार कापसासारखे. इतकी वर्षं कधी रंग लावला नाही. फोटो सोमवारी आणि रविवारी संध्याकाळी त्यांनी गुपचूप डाय लावला.

हाच माणूस औषधाच्या खिडकीतून लोकांना सांगायचा, "नवीन काही लावायच्या आधी थोडंसं कानामागं लावून बघा!"

सोमवारी सकाळी ओपीडीला तोबा गर्दी. मी दारात उभी राहून नंबर देत होते. तोंडाला उपरणं गुंडाळलेला एक माणूस रांग सोडून सरळ आत घुसायला लागला. मी हात आडवा घातला.

"अहो मामा, बाकीचे काय येडे हायेत का? केसपेपर काढा, रांगेत या."

तो उपरण्यातून काहीतरी पुटपुटला, "शिश्टर, मीच."

"मीच म्हणजे कोण? सगळेच मीच असतात!"

रांगेतल्या लोकांनी मला साथ दिली. एकानं तर त्याचा दंड धरून शेवटच्या नंबरावर नेऊन उभं केलं. आणि तो माणूस खरंच तिथं उभा राहिला! पाऊण तास! शेवटी मॅडमसमोर उपरणं सोडलं तेव्हा आतून कदम निघाले. डोळ्यांच्या फटी झालेल्या, ओठ भज्यासारखे.

मी विचारलं, "अहो, नाव का सांगितलं नाही?"

ते म्हणाले, "गावासमोर सांगू का, की म्या केस रंगवले?"

फोटो मात्र ठरल्या दिवशीच निघाला. भिंतीवर लावलाय. त्यात कदमांचे केस तेवढे तरुण दिसतात. खालचा माणूस कोण, ते सांगावं लागतं.

* * *

पठाणभाईंना दोन-तीन वर्षांपासून कमी ऐकू यायचं. मान्य करायचे नाहीत. "कानाचं मशीन रिटायर झाल्यावर घेऊ," म्हणायचे. तोवर त्यांनी एक युक्ती काढली होती. समोरचा काहीही बोलला, की हसून मान हलवायची आणि म्हणायचं, "बराबर, एकदम बराबर!" आश्चर्य म्हणजे चालून जायचं. माणसांना बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

आमच्या शिपाई गंगारामची पोरगी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आले होते. एके सकाळी गंगाराम लॅबमध्ये आला. पठाणभाईंचं रक्त फिरवायचं यंत्र घरघरत होतं. गंगाराम म्हणाला, "भाई, रात्री सासूबाई गेल्या. दोन दिवस येत न्हाई. मॅडमला सांगा."

पठाणभाईंनी नुसते ओठ हललेले पाहिले आणि ताडलं, नातू झाला! उठून त्यांनी गंगारामला कडकडून मिठी मारली.

"मुबारक हो, गंगाराम! किती दिवसांपासून वाट पाहत होतो आपण! आता मिठाई पाहिजे!"

मी इंजेक्शनचा ट्रे घेऊन दारात. गंगाराम मिठीत तसाच उभा. मग त्यानं हळूच मान काढून बाहेर पाहिलं आणि पठाणभाईंच्या कानाशी तोंड नेलं.

"भाई, एवढ्या मोठ्यानं नका बोलू. बायको बाहेर उभी हाय."

मी नंतर पठाणभाईंना खरं काय ते कागदावर लिहून दाखवलं. ते वाचून ते खाली बसले. रोजे चालू होते, पाणीही पिता येईना. तसेच उठले आणि गंगारामच्या घरी गेले. दारात उभे राहून त्याच्या बायकोची हात जोडून माफी मागितली. त्या माउलीला कळेना, हे कशाची माफी मागून राहिले. गंगारामनं सांगितलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात कानाला मशीन लागलं.

* * *

मशीन लागलं, ते चांगलंच झालं म्हणायचं. पण माणसाला सगळं ऐकू यायला लागलं, की तो खरी उत्तरंही द्यायला लागतो.

दवाखान्याच्या मागं जगनआबांचं वावर आहे. हरभरा घाट्यांनी भरला होता. एका दुपारी आबांनी कुंपणावरून हाक मारली, "हुळा भाजलाय, या!" मॅडम मीटिंगला गेलेल्या, पेशंट नव्हते. आम्ही चौघं गेलो. रोजे नुकतेच संपलेले, त्यामुळं पठाणभाई सर्वांत पुढं! काटक्यांच्या जाळावर भाजलेले घाटे, राखेतून वेचायचे, तळहातावर चोळायचे आणि तोंडात टाकायचे. गप्पा रंगल्या. आपण साठीला टेकलोय, हेच विसरलो.

आणि तेवढ्यात दवाखान्यासमोर गाडी थांबली. जिल्ह्याहून तपासणीला साहेब! मॅडमही सोबत.

धावत आलो आणि रांगेत उभे राहिलो. हात मागं लपवले, पण तोंडाचं काय करणार? ओठ, गाल, कदमांच्या तर नाकाचं टोकही काळंकुट्ट. साहेबांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.

"काय हो, कुठं तोंड काळं करून आलात सगळे?"

मी काहीतरी सबब शोधत होते. पठाणभाईंना पहिल्याच फटक्यात ऐकू आलं. ताठ उभे राहून म्हणाले, "जगनआबाच्या वावरात, साहेब!"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी माझ्या मागच्या भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे, 'जेवणाआधी हात धुवा, आजार टाळा.' शेजारी नळाखाली हात धरून हसणारी एक नर्स.

साहेबांनी चित्राकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा चित्राकडं पाहिलं.

चित्र काढताना पेंटरनं मलाच समोर बसवलं होतं.

* * *

याच दिवसांत माझीही साखर वाढलेली निघाली. मॅडमनी गोड बंद केलं. मी म्हटलं, करू बंद, त्यात काय! रोज दहा जणांना हेच तर सांगते.

त्यात एक मारोतराव म्हणून होते. हळदवाले शेतकरी, साखर कायम चढलेली. एका ओपीडीला मी त्यांना सगळ्यांसमोर झाडलं. "नातवंडं झाली, जिभेवर ताबा नाही. लाज नाही वाटत?" मारोतराव मान खाली घालून गोळ्या घेऊन गेले.

चारच दिवसांनी मी जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात गेले. खरंच भाजीच आणायला गेले होते! पण कढईतून गरम जिलबी निघत होती आणि वास पार मेथीच्या ढिगापर्यंत येत होता. म्हटलं, एकच. मग दुकानाच्या मागच्या अंगाला, पोत्यांच्या आडोशाला उभी राहून खाल्ली. मग दुसरी.

"राम राम, सिस्टर."

मारोतराव! मी प्लेट पदराखाली घेतली. पाक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तोंडात घास, त्यामुळं राम रामही म्हणता येईना.

त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं आणि सावकाश म्हणाले, "म्या काय पाहिलं न्हाई. तुमी खाऊन घ्या."

त्यापेक्षा त्यांनी मला चारचौघांत झाडलं असतं तर बरं वाटलं असतं. मी कसाबसा घास गिळला आणि म्हटलं, "मारोतराव, त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले."

"न्हाई न्हाई, बराबर बोलल्या," ते म्हणाले. मग दुकानदाराकडं वळून त्यांनी आवाज दिला, "पाव किलो मला बी दे रे! आज काय भेव न्हाई, सिस्टर सोबत हायेत!"

* * *

राठोडभाऊंनी बायकोला समुद्र दाखवायचं ठरवलं होतं.

कमलावहिनी तांड्यावरच्या. लग्न झाल्यापासून शेत त्याच बघतात, कारण भाऊ कायम ड्युटीवर. त्यांनी आयुष्यात एकदाच काही मागितलं होतं म्हणे. टीव्हीवर समुद्र पाहून म्हणाल्या होत्या, "एकदा दावा." भाऊ म्हणाले होते, "रिटायर झाल्यावर."

यंदा म्हणाले, "न्हाई, होळीच्या आधीच नेतो. वारंगा फाट्यावर हायवे पकडला की सरळ रत्नागिरी! स्टेअरिंग वळवायचं बी काम न्हाई."

सुट्टी मंजूर झाली. वहिनींनी नवीन पातळ घेतलं. आणि निघायच्या आदल्या दिवशी बदली ड्रायव्हर आजारी पडला. सुट्टी रद्द. राहिला फक्त रविवार.

पण सोमवारी राठोडभाऊ खुशीत कामावर आले. म्हणाले, "नेऊन आणलं. ऐनवेळी जमलं." आणि समुद्राचं असं वर्णन केलं म्हणता! लाटा, वाळू, जहाजं. आम्ही तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. एका रविवारात रत्नागिरी कशी होईल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

दोन दिवसांनी सिद्धेश्वर धरणाकडची एक पेशंट आली. सहज बोलून गेली, "तुमचे राठोडभाऊ रविवारी आमच्या धरणावर आलते की, वहिनीला घेऊन. पाण्याकाठी बसून भजी खात व्हते."

आम्हाला तेवढंच पाहिजे होतं! कदमांनी टाळी दिली. ठरलं, वहिनी बीपीच्या गोळ्या न्यायला येतील तेव्हा भाऊंना समोर उभं करून पकडायचं. मीही हो म्हटलं. तोवर माझी, कदमांची, पठाणभाईंची, सगळ्यांची फजिती होऊन गेली होती. आता भाऊंची पाळी होती.

वहिनी आल्या. नवं पातळ नेसून आल्या होत्या. भाऊ अंगणात अॅम्ब्युलन्सची काच पुसत होते. कदमांनी त्यांना मुद्दाम आत बोलावलं आणि मोठ्यानं विचारलं, "मग वहिनी, समुद्र कसा वाटला?"

फडक्याला हात पुसत आलेले भाऊ दारातच थांबले. त्यांनी कोणाकडंच पाहिलं नाही. मान खाली गेली ती गेलीच.

वहिनींनी त्यांच्याकडं पाहिलं. मग आम्हा तिघांकडं, एकेकाच्या तोंडाकडं. घाई न करता.

"लई मोठा," त्या म्हणाल्या. "पलीकडचं काय बी दिसत न्हाई."

कदम अजून हसत होते. "लाटा होत्या का?"

"व्हत्या की. पाय धरत नव्हते माझे. यांनी हात धरला व्हता, म्हणून उभी राहिले."

कदमांचं हसू गेलं. गोळ्यांची पाकिटं त्यांनी खिडकीतून सरकवली. पठाणभाईंनी कानाचं मशीन उगाच चाचपलं. मला वाटलं, या बाईनं आता पटकन जावं.

त्या गेल्या नाहीत. गोळ्या पिशवीत ठेवल्या, पदर सारखा केला आणि मला विचारलं, "सिस्टर, तुमी पाहिला का समुद्र?"

"नाही, वहिनी."

"मग जाऊन या एकदा," त्या म्हणाल्या. "जवळच हाय."