काकीचं तळं आणि समुद्राचा चिखल

मी समुद्राच्या तळाचा चिखल तपासून पोट भरते. टोकावड्याजवळच्या आमच्या गावात याला कुणी नोकरी मानत नाही. चिखलच बघायचा होता तर घरचा काय कमी होता, हे काका दर सुट्टीत ऐकवतो.

काकाचा खरा राग काकीच्या शेततळ्यावर. भाताचं एक खाचर मोडून काकीने हट्टाने तळं खणलं आणि मासे सोडले. मासे मेले की तळं बुजवून परत भात लावणार, असं काकाने गावभर सांगून ठेवलं होतं.

या श्रावणात मी घरी होते. आभाळ सारखं भरलेलं. एका सकाळी काकीने मला गदागदा हलवून उठवलं. तळ्यातले रोहू-कटला वर येऊन तोंडं वासत होते. पाण्यातला ऑक्सिजन संपला होता, म्हणजे माझाच विषय. जन्मात पहिल्यांदा मी घराच्या कामाला येणार होते. मोटर लावली, पाणी वरून फवारलं, आणि लाइट गेली.

काका बांधावर तंबाखू मळत बसला. काकी आणि मी काठाच्या पाण्यात उतरून हातांनी पाणी उडवायला लागलो. तळाचा गाळ ढवळला तर मासे आणखी लवकर मरतील, म्हणून पाय हलवायचे नाहीत, अशी मी तंबी दिली. तोंड मात्र गप्प बसेना. पार उत्तरेला थंड, जड पाणी खाली बुडतं, त्यामुळे जगभरच्या समुद्राचं पाणी फिरत राहतं, आणि हजारो वर्षांपूर्वी हे फिरणं अनेकदा मंदावलं होतं, आता पुन्हा मंदावू शकतं, असं मी सांगत सुटले.

"मंग मासे मेले आसतील," काकी म्हणाली.

"आपल्या समुद्रात उलट झालं. पाऊस कमी झाला, वारे पडले, खालचं खत वर येईना. वरचं शेवाळ घटलं, कुजताना ऑक्सिजन खाणारं फारसं उरलं नाही. म्हणून खालच्या पाण्यात ऑक्सिजन वाढला. तळाचे किडे परत आले, त्यांनी चिखल उकरला. तेच मी बघते."

काकीचे हात थांबले. "म्हंजे मासे जगले आन भात गेला?"

"तसंच."

बांधावर तंबाखू मळणंही थांबलं. "आसले मासे काय चाटायचेत?" काका म्हणाला.

"चाटू नका. उतरा आन हात मारा," काकी म्हणाली.

काका खरंच उतरला. लाइट आली तेव्हा आम्ही तिघंही चिंब होतो. थोडे मासे गेले, पुष्कळ वाचले. तळं राहिलं.

आता काका अधूनमधून फोन करतो. तब्येत वगैरे विचारत नाही.

"काय गो, उत्तरेला पानी बुडतंय ना?"

मी हो म्हणते, आणि मला भीती वाटते.