मुरलीधरची कायदेशीर कॉफी

मुरलीधर पानसे मला पहिल्यांदा मेडनहेड स्टेशनवर भेटला. त्याने माझा हात असा काही हलवला, की तो खांद्यातून निखळून लंडनच्या गाडीत बसला असावा, असं मला क्षणभर वाटलं. "नमस्कार, पानसे, पुण्याचा, इथे आयटीत, तुम्ही पळता का?" हे सगळं एका श्वासात. मी नाही म्हणेपर्यंत बुटांचे तळवे, गुडघ्याची वाटी आणि ब्राझीलची कॉफी यांवर त्याची तीन व्याख्यानं झाली. फलाटावरची कबुतरं दमून खाली बसली. मी गाडीत चढलो तरी तो खिडकीबरोबर पळत चौथं व्याख्यान देत होता. पुढच्या स्टेशनवर तो गाडीच्या आधी पोचला असता, पण फलाट संपला.

एवढा वेग अंगात असूनही त्याला एक माणूस काही केल्या मागे टाकता येत नव्हता. तो म्हणजे कमलाकर, त्याच्या बायकोचा, अर्चनाचा, धाकटा भाऊ. राहणार लेस्टर, पोट सुटलेलं, पळण्याची तऱ्हा गॅसचा सिलिंडर गडगडत नेल्यासारखी. मेडनहेडला दर उन्हाळ्यात नदीकाठी दहा किलोमीटरची शर्यत होई. कमलाकर तिला मुद्दाम येई, भाऊजींना हरवी, बहिणीच्या हातचं जेवून परत जाई आणि लेस्टरच्या गणपतीत, आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता, भाऊजींच्या पळण्याची नक्कल करून दाखवी. अर्चनासुद्धा पोट धरून हसे, आणि ते मुरलीधरला फार लागे. जन्मात एकदा तरी कमलाकरच्या आधी पोचायचं, एवढंच त्याचं मागणं होतं.

दोन हजार चार साली देव पावला. खेळाडूंच्या बंदीच्या यादीतून कॅफीन, म्हणजे कॉफीतलं तरतरी आणणारं द्रव्य, निघालं. जणू समितीने फोन करून याचीच अडचण विचारली होती, अशा थाटात त्याने ही बातमी घरी सांगितली.

"अहो, पण इथे तुम्हाला तपासत कोण होतं?" अर्चना म्हणाली.

"प्रश्न तत्त्वाचा आहे. आता मोकळ्या मनाने पिता येईल."

शरीराला कॉफीचा विसर पडावा आणि शर्यतीच्या दिवशी ती दुप्पट चढावी म्हणून त्याने ती आधी दोन आठवडे सोडली. त्या काळात तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवून झोपे. साहेबाला वाटे, अखेर कुणीतरी लक्ष देऊन ऐकतंय.

शर्यतीच्या सकाळी कमलाकर पोहे खात बसला होता आणि मुरलीधर ओट्याशी उभा होता. वजनाला किती कॅफीन, हे त्याने एक्सेलमध्ये काढलं होतं, आणि उत्तर आलं होतं चौपट कॉफी. ती दुधात उकळली, साखर घातली आणि किसणी काढून तो जायफळ किसू लागला. पानशांच्या घरात जायफळाशिवाय कॉफी होत नाही.

"अहो, ते बाळांना झोप यावी म्हणून उगाळून देतात," अर्चना म्हणाली.

"चवीपुरतं गं."

"अर्धं जायफळ चवीपुरतं?"

"कॉफी चौपट आहे ना? मग प्रमाण नको?"

"पिऊ दे गं ताई," कमलाकर म्हणाला. "भाऊजी, मलाही अर्धा कप टाका की!"

"तुला चहा मिळेल," मुरलीधर म्हणाला. शत्रूला दारूगोळा कोण देतो?

शर्यत सुटली आणि मुरलीधर उधळला. कुत्र्यांना गुड मॉर्निंग केलं, हंसांना हात केला, क्लबच्या पळणाऱ्यांना मागे टाकलं. मागे वळून पाहावं तर कमलाकर नावालाही नाही! अर्ध्या वाटेपर्यंत त्याच्या आयुष्यातली ही सर्वोत्तम धाव होती. मग त्याला जांभई आली. टाळ्या वाजवणाऱ्या स्वयंसेवक बाईंनाही ती लागली. पुढच्या वळणावर एक बाक दिसला. एवढी आघाडी आहे, क्षणभर टेकू, असं म्हणून तो बसला आणि हळूहळू आडवा झाला.

बऱ्याच वेळाने कमलाकर गडगडत आला.

"भाऊजी! अहो भाऊजी, उठा!"

उत्तरादाखल घोरणं आलं. मागून येणारी एक गोरी मुलगी काळजीने थांबली. "इज ही ऑल राइट?"

"ही इज माय ब्रदर-इन-लॉ," कमलाकर म्हणाला, जणू यात सगळं आलं. मग ऊन लागू नये म्हणून त्याने स्वतःची टोपी भाऊजींच्या तोंडावर ठेवली आणि तो पुढे निघाला.

कमलाकर दोनशे एकतिसावा आला. मुरलीधरने शर्यत पुरी केली नाही. पुढच्या वर्षी त्याने नाव दिलं नाही.